आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा आणि आपली कचेरी : सीमाभागात त्याचा प्रत्यक्ष उपयोग किती?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

दर वर्षी १ नोव्हेंबरचा काळा दिवस जवळ आला की निवेदनांत आणि भाषणांत ‘आता संयुक्त राष्ट्रांकडेच दाद मागू’ हे वाक्य हमखास येते आणि त्याला टाळ्याही पडतात. त्या दारात आपल्याला प्रवेश आहे का, आणि असला तर तिथून पदरात काय पडते, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मी बेळगाव-खानापूर भागात महसुली आणि दिवाणी कामे चालवणारा वकील आहे. सीमाप्रश्न कोणाच्या बाजूने सुटावा यावर इथे लिहिणार नाही. तो विषय महाराष्ट्राने २००४ साली संविधानाच्या कलम १३१ खाली दाखल केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो निकाली निघेपर्यंत आपण ज्या कचेऱ्यांत, शाळांत आणि बाजारात वावरतो, तिथे हा कायदा कामाला येतो का, एवढेच मला तपासायचे आहे.

मूळ दस्तऐवज म्हणजे नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारला, १९७६ साली तो अंमलात आला आणि १० एप्रिल १९७९ रोजी भारत त्यात सहभागी झाला. वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांतील व्यक्तींना आपल्या समूहातील इतरांसह आपली संस्कृती जपण्याचा, आपला धर्म पाळण्याचा आणि आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम २७ सांगते. कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९४ साली या कलमावर सविस्तर टिप्पणी केली. सरकारने नुसते आडवे न येणे पुरेसे नाही, प्रसंगी संरक्षणाची पावलेही उचलली पाहिजेत, हा त्यातला आपल्या उपयोगाचा भाग. त्याच टिप्पणीत असेही आहे की कलम २७ म्हणजे स्वयंनिर्णयाचा हक्क नव्हे आणि त्याने देशाच्या प्रादेशिक अखंडतेला बाधा येत नाही. स्वयंनिर्णय कलम १ मध्ये आहे, पण तो परकीय अमलाखालील लोकांपुरताच आहे अशी घोषणा भारताने करारात येतानाच करून ठेवली आहे. म्हणजे महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांचा प्रश्न या वाटेने सुटणार नाही, हे एकदा मनाशी पक्के केलेले बरे.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. नागरिकाला स्वतः जिनिव्हातील समितीकडे तक्रार करता यावी यासाठी या कराराला जोडलेला एक ऐच्छिक पूरक करार (ऑप्शनल प्रोटोकॉल) आहे, आणि भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे बेळगावच्या, किंवा भारतातल्या कुठल्याही, माणसाची वैयक्तिक तक्रार ती समिती ऐकूच शकत नाही. उरतो तो सरकारने वेळोवेळी सादर करायचा अहवाल. भारताच्या अहवालावर १९९७ साली चर्चा झाली आणि त्यानंतरची चर्चा थेट जुलै २०२४ मध्ये झाली. मधल्या सत्तावीस वर्षांत पहिलीत गेलेले मूल स्वतः पालक झाले असेल.

तरीही हा करार निव्वळ शोभेचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण तो आपल्याकडे मागच्या दाराने न्यायालयात येतो. संविधानाच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांतील जबाबदाऱ्यांविषयी आदर वाढवण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात कर्जफेड न झाल्याबद्दल दिवाणी तुरुंगवासाचा प्रश्न आला, तेव्हा करार आपोआप देशाचा कायदा होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा अर्थ मात्र करारातील कलम ११ शी सुसंगत असा लावला आणि फेडण्याची ऐपत नसलेल्या कर्जदाराला दिलासा मिळाला. १९९३ च्या निलाबती बेहेरा प्रकरणात पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल भरपाई देताना न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला. १९९७ च्या विशाखा प्रकरणात तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी देशात कायदाच नव्हता. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन न्यायालयाने नियम घालून दिले आणि त्यावर २०१३ साली संसदेने कायदा केला.

या तिन्ही प्रकरणांत करार एकटा चालून आलेला नाही. संविधानातले किंवा कायद्यातले एखादे कलम पुढे होते आणि करार त्याच्या पाठीशी उभा होता. आपल्यालाही तसेच करावे लागेल, असे माझे मत आहे. आपल्यापुढची संविधानाची कलमे २९, ३०, ३५०, ३५०-अ आणि ३५०-ब ही आहेत. चर्चा व्हावी.

टिळकवाडीचा रहिवासी

वकीलसाहेब, माहिती उत्तम आहे. पण प्रत्यक्षात काय घडते तेही नोंदवतो. घराच्या उताऱ्यावरील नावाच्या दुरुस्तीसाठी मी एका कचेरीत मराठीतून अर्ज केला. टेबलापलीकडचे गृहस्थ माझ्याशी अस्खलित मराठीत बोलत होते, त्यांच्या घरीही मराठीच बोलतात, चहाही त्यांनीच मागवला. पण अर्जावर पोच द्यायची वेळ आली तेव्हा ‘हा कन्नडमध्ये लिहून आणा, वरून तसा आदेश आहे’ असे म्हणाले. आदेश दाखवा म्हटले तर दाखवता आला नाही. शेवटी बाहेर झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला आणि काम झाले. यात कलम २७ चा भंग नेमका कुठे झाला? की झालाच नाही?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

आपल्या उदाहरणाशी विलक्षण जुळणारे प्रकरण नामिबियातील आहे. त्या देशाची अधिकृत भाषा एकच, इंग्रजी. रेहोबोथ भागातील समाज आफ्रिकान्स बोलणारा. कर्मचाऱ्यांनी आफ्रिकान्समधील पत्रांना, अगदी दूरध्वनीलाही, त्या भाषेत उत्तर देऊ नये, असे परिपत्रक निघाले, जरी त्यांना ती भाषा उत्तम येत असली तरी. मानवी हक्क समितीने जुलै २००० मध्ये दिलेल्या मतात अधिकृत भाषा एकच ठेवण्याला दोष दिला नाही. भाषा येत असूनही जाणूनबुजून एकाच समूहाच्या भाषेत उत्तर नाकारणे हे मात्र कलम २६ खालील समानतेचा भंग ठरवले. समितीतील काही सदस्यांचे मत वेगळे पडले, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या बाबतीत आधार आणखी जवळचा आहे. संविधानाच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला देता येते. निवेदन घेणे ही त्या गृहस्थांची मेहेरबानी नव्हती. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे हे मात्र कलम ३५० सांगत नाही, आणि नेमक्या त्या फटीत नामिबियाच्या प्रकरणातील तर्क उपयोगी पडतो. हे मत भारतावर बंधनकारक नाही. उच्च न्यायालयापुढे मार्गदर्शक म्हणून मात्र ते ठेवता येते.

खडेबाजारातील व्यापारी

फलकांचे काय? कर्नाटकाच्या भाषाविषयक कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. आमच्या गिऱ्हाइकांत चंदगड आणि कोल्हापूरकडून येणारे खूप आहेत. मी फलक बदलला, खर्च केला, तक्रार केली नाही. पण उरलेल्या जागेतल्या मराठी अक्षरांनाही मध्येच कुणीतरी काळे फासून जाते, तेव्हा दाद कुणाकडे मागायची?

मार्कंडेय

व्यापारीदादा, याविषयी कॅनडाचे एक प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखे आहे. क्वेबेक प्रांतात दुकानाबाहेरचे फलक फक्त फ्रेंचमध्येच असावेत असा नियम होता. तक्रार करणाऱ्या तिघांत अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. त्याच्या इंग्रजी पाटीबद्दल त्याला नोटीस आली होती. समितीने १९९३ साली दोन गोष्टी सांगितल्या. इंग्रजी बोलणारे क्वेबेकमध्ये थोडे असले तरी संपूर्ण कॅनडात बहुसंख्य असल्यामुळे कलम २७ त्यांना लागू नाही. पण स्वतःच्या आवडीच्या भाषेत जाहिरात करण्यास सरसकट बंदी घालणे हा कलम १९ खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. त्याच वर्षी क्वेबेकने कायदा बदलला आणि फ्रेंच ठळकपणे वरचढ असेल तर दुसरी भाषाही चालेल अशी तरतूद केली.

आता हे आपल्याला लावून पाहा. साठ टक्क्यांचा नियम क्वेबेकच्या या बदललेल्या कायद्याच्या बराच जवळचा आहे, म्हणून तो आंतरराष्ट्रीय कसोटीवर उडवून लावता येईल असे मला वाटत नाही. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांतली मराठी ही आपली अभिव्यक्ती आहे. तिला काळे फासणे हा नुकसानीचा गुन्हा आहेच, शिवाय पोलिसांनी तक्रार नोंदवून न घेणे म्हणजे राज्याने संरक्षणाचे कर्तव्य टाळणे होय. तेव्हा साठ टक्क्यांविरुद्ध घोषणा देण्यापेक्षा काळे फासल्याचे छायाचित्र, दिनांक आणि तक्रारीची पोच जपून ठेवा.

जाता जाता एक गंमत. जिनिव्हाच्या मापाने अल्पसंख्याक कोण हे संपूर्ण देश धरून ठरते, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात ते राज्य धरून ठरवायचे असे सांगितले. कर्नाटकातील मराठी भाषक दोन्ही मापांनी अल्पसंख्याक आहेत. २०११ च्या जनगणनेत हिंदीसुद्धा ४३.६३ टक्क्यांवर असल्याने पहिल्या मापाने तर पुण्यातले मराठी भाषकही अल्पसंख्याक ठरतील.

जुना कार्यकर्ता

धागा वाचतो आहे आणि मनाला पटत नाही. १९५६ पासून आमची मागणी एकच आहे. आम्ही कर्नाटकातले अल्पसंख्याक नाही. आम्हाला आमच्या इच्छेविरुद्ध इकडे ठेवलेले महाराष्ट्रातले लोक आहोत. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने महाराष्ट्राला २६४ गावे देऊ केली, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले, तो अहवाल आम्ही नाकारला. आता तुम्ही वकीलमंडळी ‘अल्पसंख्याकांचे हक्क’ म्हणून अर्ज करू लागलात तर उद्या समोरचे वकील तेच अर्ज न्यायालयात दाखवून म्हणतील की यांनी कर्नाटक मान्य केले. माणसे हुतात्मा झाली ती मराठी परिपत्रकासाठी नव्हे.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

काका, आपला आक्षेप गंभीर आहे आणि माझ्या मते या भागात हा कायदा आजवर वापरलाच गेला नाही याचे खरे कारणही तेच आहे. एका मोठ्या मागणीला धक्का लागू नये म्हणून अनेक लहान हक्क आपण मागितलेच नाहीत. पण कायद्याने पाहिले तर ही भीती निराधार आहे. भाडेकरू मालकी हक्काचा दावा चालू असताना पाण्याच्या जोडणीसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याने दावा सोडला असे कुणी म्हणत नाही. कुठल्याही निवेदनाच्या आरंभी ‘सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असलेल्या दाव्यातील मागणीस बाधा न येता’ एवढे लिहिले की पुरते. शिवाय कलम २७ चा हक्क व्यक्तीचा आहे आणि ती व्यक्ती कुठल्या राज्यात राहू इच्छिते हा प्रश्न ते कलम विचारतच नाही. निकाल आपल्या बाजूने लागला तरी तो लागेपर्यंत पहिलीत गेलेल्या मुलाचे काय करायचे, याचे उत्तर कुणीतरी दिलेच पाहिजे.

जुना कार्यकर्ता

ते वाक्य अर्जाच्या अगदी वर, ठळक असेल तर माझी हरकत नाही. पण ते विसरलेला एकही अर्ज जाता कामा नये.

गुरुजी_खानापूर

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवतो, त्यामुळे वरच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. आमच्याकडे मराठीचा शिक्षक निवृत्त झाला की जागा लगेच भरली जात नाही. अतिथी शिक्षक येतो तो बऱ्याचदा शाळा सुरू होऊन काही आठवडे उलटल्यावर. तोवर दोन वर्ग एका खोलीत बसतात. पालक हे बघतात आणि पुढच्या वर्षी मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. मग पट कमी झाला म्हणून जागाच कमी होते. ही साखळी तोडायला आंतरराष्ट्रीय कायद्यात काही आहे का?

मार्कंडेय

गुरुजी, प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अल्पसंख्याकांविषयीच्या १९९२ च्या जाहीरनाम्यात मातृभाषा शिकण्याची किंवा मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी संधी ‘शक्य असेल तेथे’ द्यावी असे म्हटले आहे, आणि जाहीरनामा बंधनकारक नसतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९६८ च्या बेल्जियममधील भाषाविषयक प्रकरणात सरकारच्या खर्चाने आपल्या आवडीच्या भाषेतून शिकण्याचा हक्क नाही असेच म्हटले. मात्र ब्रुसेल्सच्या कडेच्या काही गावांतील फ्रेंच शाळांत केवळ पालकांच्या निवासामुळे मुलांना प्रवेश न देणे हा भेदभाव ठरवला. शिक्षणाच्या बाबतीत आपले संविधानच जिनिव्हाच्या पुढे आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींसाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. त्याआधी, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा असे सूत्र ठरवले आणि केंद्राच्या १९५६ च्या ज्ञापनात ते घेतले गेले. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही माध्यम शक्यतो मातृभाषा असावे असे आहे.

गुरुजी_खानापूर

४० आणि १० चे सूत्र मला ठाऊक नव्हते. आमच्या शाळेत ते आजही पूर्ण होते.

सोलापूरकर

सीमेच्या या बाजूने लिहितो. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिथले शिक्षकही गुरुजींसारख्याच तक्रारी करतात. २००४ साली उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात गुजराती भाषक अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठीच्या सक्तीला आव्हान दिले होते. महाराष्ट्राने सक्तीचे समर्थन केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कर्नाटकाने २०१५ साली शाळांत कन्नड शिकणे अनिवार्य करणारा कायदा केला, त्याच्याविरुद्ध बोलताना हा निकाल समोरून आपल्याच अंगावर येईल. तेव्हा बेळगावात जे मागायचे ते जतमध्ये द्यायची तयारी हवी.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सोलापूरकरांशी पूर्ण सहमत. म्हणूनच कन्नड शिकण्याला विरोध करू नये असा माझा सल्ला असतो. आपली मुले कन्नड शिकतातच आणि त्यांना ती आलीही पाहिजे. मागणी मराठी शाळेतील शिक्षकाची आणि मराठी सूचनांची असावी. १९५६ च्या ज्ञापनातील आणखी एक सूत्र इथे महत्त्वाचे आहे: एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १५ टक्क्यांहून अधिक आहेत. जिल्ह्यात ६० टक्के असतील तर अतिरिक्त अधिकृत भाषेचा विचार करावा असे १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. ती अट जिल्हा पातळीवर पूर्ण होत नाही, त्यामुळे ती मागणी याच आधारावर करू नये. ज्ञापन हा कायदा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

टिळकवाडीचा रहिवासी

अधिवेशनाच्या काळातील जमावबंदीचा उल्लेख कुणी केला नाही. बेळगावच्या सुवर्णविधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते आणि जमावबंदी लागते.

मार्कंडेय

इथे आंतरराष्ट्रीय आणि देशी कायदा बराच एका सुरात आहे. कराराचे कलम २१ शांततापूर्ण सभेचा हक्क देते, आणि समितीच्या २०२० च्या टिप्पणीनुसार सरसकट बंदी हा शेवटचा उपाय असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चे (जमावबंदीचे) आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर ठरेल असे सांगितले; आता ते अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये आहेत. आदेशात त्या वर्षीची ठोस कारणे आहेत की गेल्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून आला आहे, हे आदेशांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागेल. ते काम आधी झाले पाहिजे, याचिका त्यानंतर.

गुरुजी_खानापूर

मग अर्ज नेमका कुणाकडे आणि कसा करायचा, ते वकीलसाहेबांनी सांगावे.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

गुरुजी, आपल्या शाळेपुरते बोलतो. प्रथम माहिती अधिकारात मंजूर पदे, रिक्त पदे आणि पटसंख्या लेखी मिळवा. मग शाळा सुधारणा समितीच्या ठरावासह शिक्षण खात्याकडे निवेदन द्या आणि त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. हे पद कलम ३५०-ब खाली आहे, त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवला जातो, आणि त्यांचे एक प्रादेशिक कार्यालय अनेक वर्षे आपल्या बेळगावातच होते. आयुक्तांना हुकूम काढण्याचा अधिकार नाही, पण नाव, गाव आणि आकडे असलेली तक्रार नोंदीत राहते.

राज्य मानवी हक्क आयोगाचा मार्गही आहे. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय करारांतील हक्क येतात, मात्र भारतातील न्यायालयांकडून अंमलात आणता येण्याजोगे असतील तेवढेच. म्हणून तक्रारीत एकटे कलम २७ न लिहिता त्याच्या आधी संविधानाचे कलम १४, २९ किंवा ३५०-अ लिहावे. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे, नंतर आयोगाला चौकशी करता येत नाही. आयोगाची शिफारस बंधनकारक आहे का यावर न्यायालयांत एकमत नाही, पण खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर पुढे उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढील याचिकेत सर्वांत उपयोगी पडते.

ज्यांना जिनिव्हाला पत्र पाठवायचेच आहे त्यांनी अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदकांना लिहावे. त्यासाठी वर सांगितलेल्या ऐच्छिक पूरक कराराची गरज लागत नाही. त्यांना सरकारकडे विचारणा करता येते; आदेश देता येत नाही. पण वरच्या सगळ्या पायऱ्यांची कागदपत्रे हाती नसताना लिहिलेले पत्र तिथे टिकणार नाही.

टिळकवाडीचा रहिवासी

शेवटची शंका. मराठी अर्जासोबत कन्नड भाषांतर जोडावे का? जोडले तर आपण माघार घेतली असे होत नाही ना?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

जोडावे. मूळ अर्ज मराठीत, त्यावर सही मराठीत, आणि खाली ‘सोयीसाठी कन्नड भाषांतर सोबत, मूळ अर्ज मराठीतील समजावा’ अशी ओळ. कचेरीत पोच मिळत नसेल तर दोन्ही प्रती स्पीड पोस्टाने पाठवून पावती फाइलला लावावी. झेरॉक्सवाल्याला दिलेल्या भाषांतराच्या पैशांची पावतीही मागून घ्या. कलम १४ खाली असमान वागणूक दाखवताना मराठी अर्जदाराला पडलेला जादा भुर्दंड त्याच पावत्यांवरून सिद्ध करावा लागतो.